धोंड आपण काढायची : जिवाभावाची मैत्रीण गेल्यावर काय करावं

२०२३च्या ऑक्टोबरात माझी मैत्रीण प्रभूच्या घरी गेली. १९७८ साली मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलात आमच्या खाटा शेजारीशेजारी लागल्या होत्या. तिथून पुढची ४५ वर्षं, नोकऱ्या, लग्नं, बाळंतपणं, बदल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणं, सगळं आम्ही एकमेकींच्या आधाराने काढलं. ती गेल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघींनी वेगवेगळ्या वेळी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "बाई, माझ्या मैत्रिणीचं काही खरं दिसत नाही. मी काय करू?" त्यांना तुटक तुटक जे सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे. मी पाळकबाई नाही, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत शिकलेली नाही. ३५ वर्षं वॉर्डात काढली आणि दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसले, एवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

सगळ्यात आधी योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय उघडा. उपदेश ऐकून ऐकून तो आपल्याला पाठ झालेला असतो, म्हणूनच त्यातला क्रम नजरेतून सुटतो. ड्यूटी घेताना केसपेपर वाचतो तसा तो वाचा : कोणी काय केलं, कशानंतर केलं. येशूचा मित्र लाजर आजारी पडतो. बहिणी निरोप धाडतात. येशू पोचतो तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. २५व्या वचनात येशू लाजराची बहीण मार्था हिला सांगतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." ३५व्या वचनात तो रडतो. मित्राला आपण आत्ता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो. ३९व्यात कबरेच्या तोंडावरच्या दगडाविषयी म्हणतो, "धोंड काढा." ४३व्यात लाजराला हाक मारतो. आणि ४४व्यात, लाजर बाहेर आला तरी त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेलेच असतात, तेव्हा भोवतालच्या लोकांना सांगतो की ह्याला मोकळं करा, जाऊ द्या.

मेलेल्याला उठवणाऱ्याला ती धोंड काही जड नव्हती. तरी त्याने ती माणसांकडून काढून घेतली. हाक मारणं त्याचं काम, त्यात आपला हात चालत नाही. धोंड काढणं आणि पट्ट्या सोडणं ही कामं त्याने माणसांच्या हाती दिली. मैत्रीण गेल्यावर मी काय करायचं, याचं उत्तर मला त्या दोन कामांत मिळालं. पुढे लिहिलेलं सगळं त्यातलंच आहे.

श्वास आहे तोवर

घरच्यांच्या तोंडून जे निघत नाही ते मैत्रिणीने विचारावं. नवऱ्याला विचारवत नाही, लेकीला तर नाहीच. एके दुपारी तिची लेक औषधं आणायला गेली होती. मी तिच्या पायांना तेल लावत होते. म्हटलं, "तुला कुठे ठेवायचं?" तिला जणू कोणी विचारायचीच वाट होती. म्हणाली, "गावाला, आईशेजारी. आणि हिरवी साडी नेसव. पांढऱ्यात मी आयुष्यभर ड्यूटी केली."

त्या दिवशी मी एक शंभर पानी वही घेतली आणि पुढचे आठ-दहा दिवस थोडं थोडं विचारून लिहीत गेले. कोणती गायनं म्हणायची, कोणती नकोत. कोणता शास्त्रपाठ. कोणाला आवर्जून कळवायचं. कोणाशी अबोला आहे आणि तो मोडायचा आहे का. एका दिराशी जमिनीवरून वाकडं होतं. त्याला मी स्वतः फोन केला, तो आला, दोघं अर्धा तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. पाळकसाहेबांना सांगून घरी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) द्यायची व्यवस्था करा, आणि आजारी माणूस शुद्धीत असताना, घास गिळता येतोय तोवर करा. अगदी शेवटावर ढकलू नका.

बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा. मीही केली, शेवटच्या आठवड्यापर्यंत केली. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून "तुमचा विश्वास असेल तर उठाल" असं कोणाला बोलू देऊ नका. बाहेरगावचे एक उपदेशक येऊन तिला असं बोलून गेले. ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला." ४५ वर्षांत मी तिला इतकी एकटी कधी पाहिली नव्हती. पुढच्या वेळी दारात मी उभी राहिले. कोणाला आत सोडायचं आणि किती वेळ सोडायचं, हे ठरवणं हेही मैत्रिणीचं काम आहे.

पहिले दोन-तीन तास

घरी, ठाऊक असलेल्या आजारानेच मृत्यू झाला असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. मृत्यूचं कारण लिहिलेलं त्यांचं प्रमाणपत्र लागतं. अपघात असेल, किंवा मृत्यू अचानक आणि संशय येण्यासारखा असेल, तर काहीही हलवू नका, पोलिसांना कळवा. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, पेन्शन, विमा, घर, प्रत्येक ठिकाणी एक लागते. मंडळीच्या दफन-नोंदवहीतही नाव चढलं की नाही ते पाहा. घरच्यांच्या हाताला तेव्हा कंप असतो. हे कागद तुम्ही सांभाळा.

आता शरीराचं. मृत्यूनंतर दोन-तीन तासांत अंग ताठू लागतं, आणि सुरुवात पापण्या आणि जबड्यापासून होते. म्हणून उशीर करू नका. पापण्या बोटांनी अलगद मिटून थोडा वेळ तशाच धरून ठेवा, लागला तर ओला कापूस ठेवा. कवळी असेल तर लगेच बसवा, नंतर बसत नाही. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्या किंवा पट्टी डोक्यावरून बांधा. डोकं उशीवर थोडं उंच ठेवा, नाहीतर चेहरा काळा-निळा पडतो. हात-पाय सरळ करा. खाली जाड कापड किंवा डायपर घाला. हातमोजे असतील तर वापरा.

तिला अंघोळ मी घातली, सोबत तिची लेक आणि एक जाऊ. मी पाणी कोमट करायला सांगितलं. जाऊ म्हणाली, "आता त्यांना काय कळतंय गार की गरम?" मी म्हटलं, "मला कळतंय ना." उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर तिला घट्टे होते, वर्षानुवर्षं इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या फोडून पडलेले. डिस्पोजेबल सुया यायच्या आधीचे ते दिवस. आम्ही सिरिंजा उकळून वापरायचो. ते घट्टे मी साबण लावून धुतले. पोटावर सिझेरियनची जुनी खूण होती, तिच्या लेकीची. लेकीने ती पहिल्यांदाच पाहिली. तिने त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आम्ही दोघी थांबलो. केसांना खोबरेल लावून वेणी घातली, हिरवी साडी नेसवली. चष्मा घालावा की नाही यावर घोळ झाला. मी घालायला लावला. चष्म्याशिवाय ती तिच्यासारखी दिसतच नव्हती.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. आपल्या आसपास "कुडी सोडली", "जुनं वस्त्र टाकलं" असं बोलायची पद्धत आहे, आणि आपणही ती सहज उचलतो. पण दर रविवारी प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण "शरीराचे पुनरुत्थान" म्हणतो. नुसता आत्मा वर गेला आणि काम संपलं, असं आपण मानत नाही. देवाने घडवलेलं, कष्टाने झिजलेलं, घट्टे पडलेलं हेच शरीर त्याच्या हिशेबात आहे. अरिमथाईचा योसेफ आणि निकदेम ह्यांनी येशूचं शरीर गंधरस आणि अगरू लावून तागाच्या वस्त्रांत गुंडाळलं, बाया सुगंधद्रव्यं घेऊन भल्या पहाटे कबरेकडे निघाल्या. त्यांना पुनरुत्थान होणार हे कळलेलंही नव्हतं. आपल्याला सांगितलेलं आहे, मग आपण अंघोळ आणखी मायेने घालावी. हे काम पूर्णपणे भाड्याच्या माणसांवर सोडू नका. जमत नसेल तर निदान केस विंचरा, पाय पुसा.

घरात बसताना

बायबलमधल्या दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र बदनाम आहेत, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्द काढला नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. म्हणून जा, सलाम करा, बसा. बोलायचं सुचलं नाही तर बोलू नका. "कसं झालं, कधी झालं" हे घरच्यांना विचारू नका. प्रत्येक येणारा तेच विचारतो आणि प्रत्येक वेळी त्यांना ती शेवटची रात्र पुन्हा सांगावी लागते. हा प्रश्न तुम्ही ओसरीवर अडवा, उत्तर तुम्ही द्या.

"देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे म्हणू नका. देव असा माणसं उचलून नेणारा आहे, हे शास्त्रात मला कुठे सापडलेलं नाही. "सुटली बिचारी" हेही नवऱ्यासमोर नको. वेदनांतून सुटली हे खरं असलं तरी ते त्याने म्हणावं, आपण नाही. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य : "रडू नका, आपण आशा असलेले लोक." थेस्सलनीकाकरांस पत्रात प्रेषित पौलाने लिहिलं त्याची ही अर्धवट आठवण आहे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो लिहितो. खेद करूच नका, असं लिहीत नाही. रोमकरांस तर तो सांगतो की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. आणि योहान ११चं ३५वं वचन आहेच, येशू रडला ते. पुनरुत्थानाची आशा रडणाऱ्याच्या तोंडावर बोळ्यासारखी कोंबायची नसते.

दुसऱ्या धर्मातल्या मित्र-मैत्रिणींना आधीच बोलवून घ्या. आमच्या वॉर्डात आमच्याबरोबर २० वर्षं काम केलेली एक मुसलमान सहकारी दाराशी येऊन थबकली, "मी आत आले तर चालेल ना?" तिला हात धरून आत आणलं, शवपेटीजवळ बसवलं. उपासनेत काय होईल, कधी उभं राहायचं, कधी नुसतं बसलं तरी चालतं, हे एका वाक्यात सांगितलं की त्यांचा संकोच जातो. मूठमाती द्यायला त्यांनाही पुढे घ्या.

दोन शब्द बोलायला सांगितलं तर

चार मिनिटांच्या वर बोलू नका. कागदावर लिहून न्या, अक्षर मोठं काढा, डोळ्यांत पाणी आलं तरी वाचता यावं असं. गुणांची यादी वाचू नका : प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील हे शब्द सगळ्यांच्याच वाट्याला येतात आणि त्यांतून कोणीच डोळ्यांपुढे उभं राहत नाही. एक प्रसंग निवडा.

मी आमचं भांडण सांगितलं. १९९४ साली नाताळच्या ड्यूटीवरून आमचं वाजलं. तिला सुट्टी हवी होती आणि मी माझं नाव मागे घेतलं नाही. आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. समोरून आली तर नजर चुकवायची. मग ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पावसात भिजत ती माझ्या क्वार्टरच्या दारात उभी. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. म्हणाली, "कूट थोडं जाडसर राहिलंय. भांडण संपलं असेल तर घे." मी डबा घेतला. चूक माझी होती, आणि तोवर मी ती कबूल केली नव्हती. देवळात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर माणसं हसली आणि तिचा नवरा ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला. माणूस होतं तसं सांगा. ज्याला देव नावाने हाक मारणार आहे ते हेच माणूस. आपण रंगवलेली संतीण नव्हे.

गायनं निवडताना घरच्यांना विचारा. 'उपासना संगीत' ह्या आपल्या गायनांच्या पुस्तकात पुनरुत्थानाची गायनं आहेत ती अंत्यविधीला म्हणायला संकोच करू नका. दोन संथ गायनांनंतर एक उभं राहून म्हणण्यासारखं ठेवा. बाजाची पेटी वाजवणाऱ्याला स्वर खाली धरायला सांगा. रडक्या गळ्यातून वरचा सूर निघत नाही.

कबरीजवळ

तिचं गाव नगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो.) तिथली ख्रिस्ती दफनभूमी गावाबाहेर, शेताला लागून आहे. जुन्या रीतीप्रमाणे डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात, उठल्यावर तोंड उगवतीकडे असावं म्हणून. खड्डा खणणाऱ्यांना हे आदल्या दिवशीच नीट दाखवून या. ऐनवेळी पेटी उलटीसुलटी करण्याची पाळी येऊ नये. दोर चांगले आहेत का पाहा. पाणी आणि थोडी साखर जवळ ठेवा, उन्हात कोणीतरी हमखास भोवळून पडतं. घरी म्हातारं माणूस एकटं राहिलेलं नाही ना, तेही पाहा.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे ज्वारीच्या पेरणीचे दिवस. आम्ही कबरीभोवती उभे होतो आणि बांधापलीकडे एक माणूस बैलांमागे पाभर धरून चालला होता. पेटी दिसल्यावर त्याने बैल थांबवले, डोक्याचा रुमाल काढला आणि तिथेच उभा राहिला. पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय वाचत होते. पौल तिथे म्हणतो, जे तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही. आणि तू पेरतोस ते पुढे होणारं शरीर नव्हे, नुसता दाणा पेरतोस. हा अध्याय मी शेकडो वेळा ऐकला असेल. पण हातात मूठभर काळी माती आणि समोर अर्धवट पेरलेलं रान, असा तो पहिल्यांदा ऐकला. दाणा आणि ताट ह्यांत काही सारखं दिसत नाही, तरी ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच उगवते, बाजरी नाही. तिच्यातून तीच उठेल. कशी दिसेल ते मला सांगता येणार नाही, पण ती माझ्या ओळखीची असेल.

"मातीला माती" म्हणून मूठमाती दिल्यावर लोक निघू लागतात. तुम्ही निघू नका. खड्डा पूर्ण बुजेपर्यंत, वर माती चढेपर्यंत थांबा. फावडं हाती घेता आलं तर घ्या. मी घेतलं, ६३व्या वर्षी सात-आठ फावडी माती मी लोटली. त्या रात्री मला झोप लागली ती त्या श्रमानेच.

पाहुणे गेल्यावर

दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं. मग एका सकाळी तिथे फक्त एक माणूस आणि दोन कप उरतात. मैत्रिणीचं खरं काम तेव्हा सुरू होतं. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कोणी सांगत नाही. मंगळवारी पिठलं-भाकरी घेऊन जा आणि बसून जेवा. पुढच्या मंगळवारी पुन्हा. तिचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, घरच्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांना वाईट वाटतं ते नाव कोणी काढत नाही म्हणून. तिचे कपडे कपाटातून काढायची घाई कोणी करत असेल तर थोपवा, आणि सहा महिन्यांनी घरच्यांनी स्वतः म्हटलं की सोबत बसून घड्या घाला. बांधलेल्या पट्ट्या सोडवणं म्हणजे मला हेच वाटतं. एक एक गाठ, ओढाताण न करता.

तारखा वहीत लिहून ठेवा : वाढदिवस, लग्नाचा दिवस, ती गेली तो दिवस. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चाळिसाव्या दिवसाची सक्ती नाही, काही घरं स्मरणार्थ प्रार्थना ठेवतात, काही नाही. घरच्यांच्या मनासारखं होऊ द्या. कॅथलिक शेजारी २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात आणि कबरी फुलांनी भरून टाकतात. वसईकडे मी हे पाहिलं आहे, आणि ते मला फार आवडलं. नाताळ सगळ्यात अवघड. दरवर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी करंज्या करायचो. त्या वर्षी मी तिच्या लेकीला बोलवलं. तिची मुरड आईसारखीच डाव्या हाताने. दोघींनी मिळून शंभरेक केल्या, फारशा बोललो नाही.

तुमचं स्वतःचं दुःख

हे मी शेवटाला ठेवलं, कारण मीही ते शेवटालाच ठेवलं होतं आणि ती चूक झाली. नातेवाइकांना पुढचा बाक असतो, निधनवार्तेत नावं असतात, ऑफिसातून रजा असते. मैत्रिणीला यातलं काही नसतं. मी सहाव्या बाकावर बसले होते. लोक मला विचारत, "तिच्या मिस्टरांचं कसं आहे?" दीड महिना मी सगळ्यांचे डबे भरले आणि एके दिवशी बाजारात शेंगदाणे मोजून घेताना मला रडू आवरेना.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा : पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या शहाण्या माणसाला स्पष्ट सांगा की माझंही माणूस गेलंय, माझ्यासाठीही प्रार्थना करा. दाविदाने योनाथानासाठी केलेला विलाप वाचा, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. मित्रासाठीचा शोक शास्त्राला इतका मोलाचा वाटला की तो शब्दन्‌शब्द जपून ठेवला. स्तोत्रं मोठ्याने वाचा. २३वं तर सगळेच वाचतात, ८८वंही वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही, आणि तरी ते देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. ज्या दिवशी दुसरी प्रार्थना जमत नाही, त्या दिवशी तेवढी जमते.

देवळात जाणं सोडू नका, विश्वास डळमळला असला तरी. नोव्हेंबरातले तीन रविवार मतांगीकार म्हणताना "शरीराचे पुनरुत्थान" आलं की माझा आवाज बंद व्हायचा. खोटं म्हणवत नव्हतं, आणि खरं आहे असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नव्हतं. मी ओठ मिटून उभी राहायचे. मागच्या बाकावर बोर्डिंगातली मुलं असतात, ती घाईघाईत, खणखणीत म्हणायची. माझ्या वाटणीचं तीन रविवार त्यांनी म्हटलं. चौथ्या रविवारी त्यांच्या आवाजात माझाही मिसळला, कधी ते मला कळलंही नाही. मंडळी असते ती ह्यासाठी.

जी मैत्रीण ख्रिस्ती नव्हती तिचं काय, असा प्रश्न मला एकीने विचारला आणि तिचा आवाज थरथरत होता. मी तिला म्हटलं की हाक मारायचं काम ज्याचं आहे त्याच्यावर ते सोड. लाजराच्या कबरेपुढे रडणाऱ्याच्या हातात तिचा निवाडा आहे, तुझ्या-माझ्या हातात नाही. याहून जास्त मी बोलले नाही.

पुनरुत्थानाची पहाट

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला. आदल्या शनिवारी दुपारी कबर साफ करायला जा. खुरपं, विळा, बादली, चुन्याची पुडी, झाडू एवढं न्या. पायांत बूट घाला, सराटे फार असतात. फुलं शनिवारी वाहू नका, उन्हाने करपतात. मोगरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि पहाटे न्या. मेणबत्त्या काचेच्या पेल्यात लावा, पहाटवारा त्या टिकू देत नाही.

पाचला आम्ही दफनभूमीत जमलो. आकाशात झिजलेला चंद्र होता. पौर्णिमेनंतरच्या रविवारीच हा सण येत असल्यामुळे उशिरा उगवलेला चंद्र पहाटेपर्यंत राहतो. ऑक्टोबरात पेरलेलं रान आता मोकळं होतं, कडब्याच्या पेंढ्या बांधाशी रचलेल्या होत्या. जानेवारीत त्याच रानातला हुरडा त्या पाभरवाल्याने आम्हाला बोलावून खाऊ घातला होता. पाळकसाहेबांनी योहानाचा २०वा अध्याय वाचला. मग्दालीया मरीयेला समोर उभा असलेला येशू माळी वाटतो, आणि तो तिचं नाव घेतो तेव्हा ती त्याला ओळखते. "प्रभू उठला आहे!" असं पाळकसाहेब म्हणाले, आणि "खरोखर उठला आहे!" म्हणताना तिच्या लेकीने माझा हात इतका आवळला की बांगडी पिचकली.

दगड मात्र घाईने बसवू नका. नवी माती एक पावसाळा खाऊन खाली बसते, आधी बांधकाम केलं तर ते खचतं. आम्ही दिवाळीनंतर बसवला. नगरला दगडवाल्याकडे मी चिठ्ठी घेऊन गेले : नाव, दोन सालं, खाली "नर्स", आणि त्याखाली शास्त्रवचनाचा आकडा. त्याने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बाई, सगळे लोक योहान ११:२५ लिहून घेतात. तुम्ही ३५ लिहिलंय. चुकलं का?" मी थोडा विचार केला आणि त्याला म्हटलं, २५ ते ४४ घाल. तो म्हणाला, दोन अक्षरं वाढतील, पैसे वाढतील. म्हटलं, वाढू देत.